नाथाचा रुपया वाजवायचा नाही

रुपया हातात पडला की बाकीचे लोक त्याच्यावरचं तोंड बघायचे, राजाचं आहे का राणीचं. कुशाबा आधी कान पुढे करायचा. नखावर रुपया तोलायचा, टिचकीनं उडवायचा, ओट्याच्या दगडावर पडू द्यायचा आणि त्याचा आवाज पुरता विरेपर्यंत शेजारी कुणी नुसतं खोकलं तरी डोळे वटारायचा. मग निकाल. राणीछाप, चोख. नाहीतर लढाईतला, निम्मा. त्याच्या निकालावर अपील नव्हतं, निदान कुशाबाची तरी तशी समजूत होती.

माले गावाच्या पलीकडच्या त्या वाडीत ही विद्या दुसऱ्या कुणाला येण्याचं काही कारणच नव्हतं. कुशाबा तरणा असताना अकरा वर्षं पुण्यात रविवार पेठेत एका सराफाच्या दुकानी होता. काम म्हणाल तर झाडलोट करायची, पाणी भरायचं आणि थैल्यांमधले रुपये वाजवून बरेवाईट वेगळे करायचे. झाडलोट तो केव्हाच विसरला, पण रुपये काही त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. राणीचा, तिच्या लेकाचा आणि नातवाचा, या तिन्ही रुपयांत सोळा आण्यांपैकी पावणेपंधरा आणे चांदी. दुसरी लढाई पेटली तसा सरकारनं हात आखडला आणि चाळीस सालापासूनच्या रुपयात निम्मी चांदी, निम्मी भेसळ आली. पुढे सत्तेचाळीसच्या सुमाराला पाठीवर वाघ असलेला रुपया निघाला, त्यात तर चांदीचा वाससुद्धा नाही, नुसतं निकल. बाजारात तिघंही एकाच भावानं चालायचे. पौडच्या पोतदाराकडे मात्र राणीछापाला दोनच्या वर नोटा मिळायच्या, लढाईतल्याला एक आणि वर थोडी चिल्लर, आणि वाघ दिसला की पोतदार तो बोटानं परत सरकवायचा.

हे कळत असताना राणीछाप रुपया हातचा जाऊ द्यायचा म्हणजे मूर्खपणा, असं कुशाबाचं मत. वीस वर्षं तो बाजाराच्या दिवशी पौडला जायचा, तांदूळ विकायचा आणि आलेल्या नोटा घेऊन जुने रुपये धुंडाळत फिरायचा. डोंगरावरच्या वस्तीतली माणसं मध-हिरडा घेऊन खाली आली की त्यांच्या कनवटीचा रुपया बघायला मागायचा. घरात पत्र्याची कुलपाची पेटी होती, पेटीत मांजरपाटाची पिशवी, आणि पिशवीत मोजून एकशे आठ रुपये, सगळे चोख. दर रविवारी ते मोजले जायचे. त्या वेळी त्याची बायको रंभाबाई चुलीपुढे बसून राहायची, कारण मोजणी चालू असताना भांडं वाजलेलंसुद्धा त्याला खपायचं नाही. पिशवीला हात लावायची तर बातच सोडा. किल्ली करदोट्याला असायची आणि पाहुण्यांकडे जाताना ती तेवढी घरच्या देव्हाऱ्यामागे ठेवली जायची.

तर ज्या वर्षाची ही गोष्ट, तेव्हा नवे पैसे येऊन चार वर्षं झाली होती. खालच्या गावानं आपल्या भैरवनाथाला चांदीचा मुखवटा केला होता आणि जत्रेत पालखी मुद्दाम वाडीच्या वाटेनं फिरवली होती. ते कोंडिबा पाटलाच्या फार जिव्हारी लागलं. वाडीच्या नाथाचा मुखवटा पितळेचा, तोही नाकाशी चेपलेला. पाटलानं माघात देवळात माणसं बोलावली आणि जाहीर केलं की येत्या चैत्राच्या जत्रेला नाथ चांदीत बसेल. उंबऱ्यामागं एक चांदीचा रुपया. उंबरे बहात्तर. पाटलाच्या घरचे एकाऐवजी पाच, म्हणजे झाले शहात्तर. पौडचा पोतदार ते वितळवून मुखवटा घडवेल.

कुशाबाला वाटलं, आता आपली पाळी. जन्मभर ज्यासाठी लोक आपल्याला हसले ती विद्या आता देवाच्या कामी येणार. तो उठला आणि त्यानं सगळ्यांना नीट समजावलं, की चांदीचा रुपया म्हणजे नुसता पांढरा रुपया नव्हे. लढाईतला रुपया मुशीत पडला तर चांदी चिवट राहत नाही, हातोडीखाली तडकते, वर्षभरात काळी पडते. तेव्हा प्रत्येकाचा रुपया आपण दगडावर वाजवून घेऊ, साल बघू, चाळीसचा किंवा त्यापुढचा असेल तर परत देऊ.

भिकू गुरवानं कानावर हात ठेवले. नाथाला वाहिलेला रुपया वाजवायचा नाही, ही वाडीची जुनी रीत होती. देणारी घरची बाई, रुपया हळदीनं माखून आणणार, नाथाच्या पुढच्या ताटात ठेवणार. एकदा हळद लागली की तो नाथाचा. नाथाचा रुपया दगडावर आपटायचा म्हणजे देणाऱ्याची परीक्षा घ्यायची, आणि ती परीक्षा घेणारा माणूस कोण लागून गेला. पाटलानंही मान हलवली. तो म्हणाला, "कुशाबा, देवाच्या दारात कोण लबाडी करंल? तुजा लोकांवर इस्वास न्हाई, ह्योच तुजा रोग हाय."

"इस्वासाचा सवालच न्हाई," कुशाबा म्हणाला. "ह्यातलं निम्मं खोटं निगत्याल. लिवून ठिवा."

सगळी बैठक हसली. कुशाबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण देवळात काय बोलणार. त्याच रागात त्यानं घरी येऊन रंभाबाईला सांगितलं, की दुसऱ्यांचं त्यांच्यापाशी, आपल्या घरचा रुपया मात्र राणीछापच जाईल. आणि देव्हाऱ्यामागून किल्ली घेऊन रुपया काढ एवढं तिला बजावून तो दोन दिवसांसाठी भुकूमला सोयऱ्यांकडे लग्नाला गेला, तेही धुसफुसतच.

तो परतला तोवर ताट भरून झालं होतं. बायकांनी हळद अशी माखली होती की रुपये कसले, हळकुंडाच्या चकत्या वाटत होत्या. साल दिसत नव्हतं, तोंड दिसत नव्हतं. गुरवानं ते शहात्तर रुपये कोऱ्या फडक्यात बांधले आणि गाठीलाही हळद लावली. आता गाठोडं ठेवायचं कुठे? गुरवाचं घर कुडाचं. पाटलाकडे माणसांची ये-जा. कुलूप असलेली पेटी वाडीत एकच, कुशाबाची. आणि पोतदाराशी बोलणारही तोच होता. तेव्हा गाठोडं आलं कुशाबाच्या पेटीत, त्याच्या एकशे आठांच्या शेजारी. आठ दिवसांनी पाटलानं आणि त्यानं बैलगाडीनं पौडला जायचं ठरलं.

सहा दिवस कुशाबानं दम धरला. सातव्या दिवशी रंभाबाई वालाच्या शेंगा तोडायला शेतात गेली आणि त्याला राहवलं नाही. त्यानं दाराला आतून कडी घातली, गाठ सोडली आणि पहिल्या रुपयावरची हळद नखानं खरवडली. साल निघालं त्रेचाळीस. दुसरा चव्वेचाळीस. तिसरा राणीचा, त्याला जरा बरं वाटलं. चौथ्याच्या पाठीवर वाघ.

मग त्यानं रीतभात काही पाहिली नाही. परातीत पाणी घेतलं, सगळे रुपये धुतले, एकेक वाजवला आणि दोन ढीग लावले. उजव्या बाजूला पस्तीस, डाव्या बाजूला एक्केचाळीस. डावीकडच्यांत वाघ तीन.

पहिल्यांदा त्याला आनंदच झाला, खोटं कशाला बोला. आपण म्हटलं होतं निम्मे, निम्म्याच्या वर निघाले. मग त्याला चढला संताप. एकेका घराचं नाव घेऊन त्यानं मनातल्या मनात शिव्या घातल्या. नवसाला कोंबडं पाहिजे, दुखण्याला अंगारा पाहिजे, शेताला राखण पाहिजे, आणि द्यायची वेळ आली की नाथाच्या तोंडावर निकल फेकायचं? बाजारात भोपळा घेताना चार वेळा ठोकून बघणारी ही माणसं. देव बिचारा ठोकून बघत नाही, म्हणून त्याला हे.

पण मग तिसरी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. परवा पोतदार हे वितळवणार. चांदी तडकणार. पोतदार म्हणणार, पाटील, ह्यात निम्मी भेसळ आहे. आणि पाटील काय म्हणणार? वाडीनं तर भक्तीनं चोख रुपये दिले. ते आठ दिवस होते कुणाच्या पेटीत? कुशाबाच्या. त्या पेटीत दुसरं काय असतं? कुशाबाची राणीछापची पिशवी. मग वाडीचे चांगले रुपये पिशवीत गेले आणि पिशवीतला गाळ गाठोड्यात आला, हे सांगायला शहाणा कशाला पाहिजे, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आपण निम्मे खोटे निघतील म्हणून आधीच बोललो, तेही चोरीची तयारी म्हणूनच बोललो असं ठरणार. रुपये वाजवून घेतले असते तर ज्याचा दोष त्याच्या पदरात पडला असता. आता सगळ्या वाडीचा दोष एकट्याच्या पदरात.

त्यानं सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. पाटलाला जाऊन सांगावं, तर गाठ का सोडली हा पहिला प्रश्न. गप्प बसावं, तर चोर. वीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोक रुपया घ्यायचे-टाकायचे, त्याला जत्रेत माणसं बोट दाखवून चोर म्हणणार. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मग करदोट्याची किल्ली काढली, पिशवी उघडली आणि आपल्या एकशे आठांतले एक्केचाळीस रुपये मोजून बाजूला ठेवले.

ते निवडायला त्याला जितका वेळ लागला तितका मुलीला स्थळ बघायलाही लागला नव्हता. हा नांद्याच्या म्हातारीकडून घेतलेला. हा पौडच्या बाजारात चिखलात सापडलेला. ह्याच्यावरची राणी तरणी, ह्याच्यावरची म्हातारी. घासलेले, झिजलेले आधी काढले, पण ते पुरेनात, म्हणून चांगलेही काढावे लागले. मग चुलीपुढच्या डब्यातली हळद कालवून त्यानं एकेकाला फासली, त्या पस्तिसांनाही फासली, फडक्यात बांधून गाठीवर पुन्हा हळद लावली आणि ते लबाड एक्केचाळीस एका फाटक्या पायमोज्यात घालून पेटीच्या तळाशी दडपले. रंभाबाई आली तेव्हा त्याची बोटं पिवळी होती आणि हळदीचा डबा अर्धा झाला होता. तिनं विचारलं, तर तो तिच्यावर खेकसला. तिनं डबा झाकून फळीवर ठेवला. ती कधीच बोलत नसे.

पौडला जे व्हायचं तेच झालं. पोतदारानं पाटलादेखत मूस तापवली, रुपये वितळवले, चांदीची चीप ओतली आणि हातोडी घातली. चीप कणकेसारखी पसरत गेली, कुठे केसभर चीर नाही. पोतदार म्हणाला की शहात्तर रुपये लोकांकडून गोळा करून त्यात एकही हिणकस नाही, असं त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पाटलाची छाती अशी फुगली की अंगरख्याचे बंद तुटतात की काय. परतीच्या वाटेवर बैलगाडीत तो सारखा तेच तेच बोलत होता. वाडीची माणसं गरीब असतील, पण नियतीनं चोख. देव भावाचा भुकेला, आणि भाव होता म्हणून चांदी उतरली. काही माणसांना मात्र सगळीकडे खोटंच दिसतं, त्याला नाथ तरी काय करणार. कुशाबा बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिला. त्याला एवढंच वाटत होतं की हा रस्ता एकदाचा संपावा.

संपला रस्ता, पण बोलणं संपेना. पाटलानं ही कथा वाडीभर केली. मग जो तो कुशाबाला भेटला की विचारायचा, काय कुशाबा, किती खोटं निगालं? पाणवठ्यावर बायका हसायच्या. डोंगराच्या वस्तीवरचा कान्हू रुपया दाखवायला आला, तर त्याला वाटेतच कुणी तरी सांगितलं, त्याच्याकडं नेऊ नगंस, त्याचं कान आता गेलं. कान्हूनं तो राणीछाप रुपया पौडला दुकानदाराला तसाच एका नोटेला देऊन टाकला. हे कळलं त्या दिवशी कुशाबानं भाकरीचं ताट भिंतीला फेकून मारलं. ज्याची खरी चांदी देवाच्या तोंडाला लागली तोच वाडीत खोटा, आणि ज्यांनी निकल वाहिलं ते हसायला मोकळे. आणि बोलायची सोय नाही. बोललं तर गाठ सोडली, नाथाचा रुपया वाजवला. रविवारी पिशवी मोजायला घ्यायचा तर सदुसष्टावर हात थांबायचा आणि तो पिशवी तशीच आत टाकायचा.

चैत्रात जत्रा आली. मुखवटा खरोखर देखणा झाला होता. पालखी खालच्या गावाच्या शिवेपर्यंत मुद्दाम नेली गेली, मुद्दाम थांबवली गेली आणि ऊन कलायच्या आत परत देवळापुढं आली. सगळी वाडी जमली होती. रेवडीवाले, भेळवाले पलीकडं बसले होते. पाटलानं पागोटं सारखं केलं आणि तो ओट्यावर उभा राहिला. वाडीच्या एकजुटीबद्दल बोलला, खालच्या गावाला दोन टोमणे मारले, आणि मग त्याची नजर कुशाबावर गेली.

तो म्हणाला की भरल्या देवळात वाडीच्या भक्तीवर संशय घेणारा माणूसही इथंच बसला आहे. नाथानं त्याला उत्तर दिलं. आता त्यानं नाथापुढं नाक घासावं, पाच रुपये दंड ठेवावा, म्हणजे मुखवट्याला कुणाची दृष्ट लागायची नाही.

माणसं हसली. कुणीतरी मागून म्हणालं, राणीछापच घ्या हां, पाटील.

कुशाबा उठला आणि सरळ चालू लागला. लोकांना वाटलं रुसून गेला. तो घरी गेला, पेटी उघडली, तळाचा पायमोजा काढला आणि परत आला. देवळाच्या फरसबंदीवर त्यानं पायमोजा उलटा केला. एक्केचाळीस रुपये खडखडत खाली सांडले, तीन गडगडत पाटलाच्या पायाशी गेले. हसणं बंद पडलं.

"ह्ये नाथाचं रुपयं," कुशाबा म्हणाला. "गाठ म्या सोडली. वाजवलं म्या. ह्ये एक्केचाळीस खोटं निगालं, आन् त्याच्या जागी माजं एक्केचाळीस मुशीत ग्येलं. आता ज्यानं त्यानं आपापला वळकून उचला."

देवळापुढं एवढी माणसं, पण रेवडीवाल्याच्या तराजूची साखळी वाजली तीसुद्धा ऐकू आली. कुणी हललं नाही. कसं हलणार? वाकणारा म्हणजे स्वतःच्या तोंडानं सांगणार, की नाथाला खोटा रुपया दिला तो मी. भिकू गुरव वर कळसाकडे बघायला लागला. शेजारच्या धोंडाबाईनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. आणि पाटील मात्र सावरला. पाटील लोकांना सावरायला वेळ लागत नाही.

"कशावरनं ह्ये नाथाचं?" तो म्हणाला. "तुज्याकडं असला गाळ लई असतूय. घरचा गाळ आनून हितं वतलास आन् वाडीला चोर ठरवतुयास. गाठ सोडल्याचं मातर तूच कबूल क्येलंस."

मागून हुंकार उठले. व्हय की, व्हय की. कशावरनं? लोकांना सुटका झाल्यासारखं वाटलं आणि ती त्यांच्या आवाजात ऐकू येत होती. कुशाबानं चारी बाजूंना पाहिलं. एकूणएक तोंड ओळखीचं, आणि एकही त्याच्या बाजूचं नाही. म्हणजे चांदी गेली ती गेली, आता अब्रूही चालली. ज्या आळाची भीती घेऊन त्यानं आपले रुपये मुशीत घातले, तोच आळ, आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतला.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून रंभाबाई पुढे आली. ती खाली बसली, तिनं दोन-चार रुपये उलटेपालटे केले आणि एक उचलला. उजेडात धरून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ह्यो आमच्या घरचा," ती म्हणाली. "चव्वेचाळीसचा हाय. कडंला चेपल्याला हाय, तूप इकून आल्याला. म्याच हळद लावून ताटात ठिवला हुता."

कुशाबाला वाटलं आपल्याला ऐकूच नीट आलं नाही.

"तुला राणीछाप द्याया सांगितला हुता," तो म्हणाला. "किल्ली दिऊन ग्येलो हुतो."

"व्हय. प्येटी उगडली हुती म्या." रंभाबाई मान खाली घालून बोलत होती, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. "धीर झाला न्हाई. एकशेआठातला एक जरी कमी झाला असता, तर तुमी चार दीस जेवला नसता. आन् आमाला कुनाला सुकानं जेवू दिलं नसतं."

आधी बायका हसल्या. मग पुरुष हसले. मग पाटीलही हसला. हे हसणं निराळं होतं, त्यात दोष वाहून गेला. ज्यानं सगळ्या वाडीला खोटं म्हटलं त्याच्याच घरचा रुपया खोटा निघाला, तेव्हा आता लाज कसली आणि कुणाची? धोंडाबाई पुढे आली, माजा बी हाय बाई ह्यात, म्हणून तिनं आपला उचलला. मग गुरवाची बायको. मग सगळेच वाकले. रुपये शोधताना माणसं एकमेकांची थट्टा करू लागली, एक वाघ दोघांना हवा झाला. पाटलानं पायाशी आलेल्या तिघांतले दोन कुणाचं लक्ष नाही असं बघून कनवटीला लावले. फरसबंदी साफ झाली.

आणि कुणी, एका माणसानंसुद्धा, कुशाबा खरं बोलला होता असं म्हटलं नाही. कुणी त्याच्या एक्केचाळीस रुपयांचं नाव काढलं नाही. जो तो आपला सापडलेला रुपया घेऊन रेवडीवाल्याकडे आणि भेळवाल्याकडे वळला, कारण जत्रेच्या दिवशी अचानक हातात रुपया आला होता. दंडाचं काय ते विचारायला कुशाबा एकटा उभा होता, तर पाटलानं जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, सोड रं, देवाचं काम झालं न्हवं.

घरी जाताना रंभाबाई दहा पावलं मागून चालत होती. कुशाबाच्या डोक्यात नुसता कल्लोळ माजला होता. पाटलावर चिडावं तर त्याच्यात काय नवं? वाडीवर चिडावं तर ती आधीपासून तशीच. त्याला राहून राहून सलत होतं ते निराळंच. ही बाई दर रविवारी नाथाचा उपास धरते. नाथाचं नाव घेतल्याशिवाय दूध विरजत नाही. तिनं नाथाला निम्मा रुपया दिला. नाथाला भ्यायली नाही ती, आणि आपल्याला भ्यायली.

घरात आल्यावर त्यानं पेटीतली पिशवी काढली. ती हातात हलकी लागत होती. रंभाबाई चुलीला जाळ घालायला वाकली होती. कुशाबा तिच्यामागं बराच वेळ घुटमळला. जे बोलायचं होतं तसलं काही तो जन्मात कधी बोलला नव्हता. शेवटी त्यानं पिशवी आणि वर किल्ली तिच्यापुढं जमिनीवर ठेवली.

"आता ही तू ठिव," तो म्हणाला. "सदुसष्ट हायेत. लागंल तवा काढ. मला इचारू नगंस."

रंभाबाईनं पिशवीकडे पाहिलं, आणि हात पदराला पुसून ती मागं सरकली.

"नगं," ती म्हणाली. "तुमीच ठिवा. उद्या मोजताना एखादा कमी भरला, म्हंजी?"

आणि ती पीठ मळायला बसली.